जर्मनचं नवं डोकं

९ ऑक्टोबर, गुरुवार

कोल्हापूरचा इंजिनिअर सकाळी आला, दुपारी बांगड्याचं तिखलं जेवून गेला. निदान थोडक्यात: लोखंड कोरायचं मिलिंग मशीन ठणठणीत, डोकं गेलं. म्हणजे लोखंड, स्पिंडल, स्लाईड सगळं आम्हा दोघा भावांपेक्षा जास्त टिकेल, पण कंट्रोलची, म्हणजे ते चालवणाऱ्या कॉम्प्युटरची, मेमरी कोरी. शिवाय खाऱ्या हवेने आतल्या कार्डांवर हिरवं काहीतरी चढलंय. "काका, जुनं जिवंत करण्यात अर्थ नाही. नवीन कंट्रोल बसवा." त्याला म्हटलं, हळू बोल. खिडकीबाहेर अंगण, अंगणापलीकडे दादाची पडवी.

नवमीला काय झालं ते इथे एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल. ह्या मशीनला कुठे किती सरकायचं, कुठे थांबायचं, ती सगळी माहिती एका सेलवर जिवंत राहते. सेल वर्षातून एकदा बदलायचा, मशीन चालू असताना. काम दादाचं. तो खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बदलतो आणि काढलेला जुना सेल नवमीला पूजेत मांडतो, पाने-कटरांच्या शेजारी, हळदकुंकू लावून. वर्षभर राबला म्हणून. यंदा आदल्या दिवशी लाईनवर झाड पडलं, दिवसभर लाईट नाही. नवमीला लाईट होती. पण नवमीला मेन स्विच खाली, मशीन चालू करायचं नाही, हा बाबांच्या वेळेपासूनचा नियम. आणि पूजेला जुना सेल तर हवा. दादाने मेन बंद असतानाच सेल काढला, कुंकू लावलं, नवा बसवला. मी शेजारी नारळ धरून उभा. माझ्याही डोक्यात आलं नाही.

दसऱ्यानंतर मेन चढवला तर पडद्यावर नुसत्या चौकटी. जर्मन कंपनीने दिलेले आकड्यांचे कागद वाळवीने कधीच खाल्ले. आणि ती कंपनीही आता राहिलेली नाही.

त्या दिवसापासून दादाने वर्कशॉपचा उंबरा ओलांडलेला नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज सुट्टी, तरी आत जाऊन बसलो. मशीनवर झेंडूची माळ तशीच, वाळलेली. काढवेना.

जर्मन आला तो दिवस आठवला. जुनं मशीन, वास्कोच्या बंदरात उतरवलेलं. ट्रेलरवर बांधून आम्ही दोघे ड्रायव्हरच्या शेजारी. बाबांनी आधी देवळात कौल लावला होता, उजवा मिळाला, तेव्हा कुठे होकार. इन्सुलीला पोचेपर्यंत भूक अशी लागली की दादा म्हणाला आधी जेवू, मग नाक्यावर कागद दाखवू. ट्रेलर कडेला, वर ताडपत्री, दोऱ्या. हॉटेलवाली म्हातारी बाहेर येऊन बघते.

"काय रे हाडलास ता?"

दादा तोंडात भात असताना म्हणाला, "जर्मन."

म्हातारी जरा लांब सरकली. "जिवंत मा?"

आमच्या धामापूरपर्यंत दादा हसत होता. घाटी रस्ता, तळ्याकडचं वळण, ट्रेलर फिरेना, अर्धा गाव ढकलायला. तेव्हापासून त्याचं नाव जर्मन. आज त्या म्हातारीची खूप आठवण आली. तिला सांगायला हवं, आता नाही गो जिवंत.

१६ ऑक्टोबर

देवबागचा गणू आला. पर्यटकांना फिरवायच्या बोटीचा शाफ्ट, चावीची खाच नव्याने मारायची. सीझन तोंडावर आलाय, त्याला घाई. मी म्हटलं, मशीन बंद, पण कुडाळहून करून आणतो.

"दादा खंय?"

"घराकडे."

"मगे र्‍हवांदे. दादा बसले की हाडतंय."

शाफ्ट परत खांद्यावर टाकून गेला. मी इतकी वर्षं त्याच वर्कशॉपात काय काजू सोलत होतो काय? राग आला. रात्री जेवताना मंदाला सांगितलं तर बायको म्हणते, "खरां ताच बोललो तो." घरातही आपली किंमत ही.

खरं म्हणजे गणू चुकलेला नाही. हिशेब, गिऱ्हाईक, माल आणणं माझं. जर्मन दादाचा.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी

पहाटे तुळशीपुढे कारीट फोडलं. लेक पूर्वा आलीय पुण्याहून, चार दिवसांसाठी. पोह्यांचे फोव पाच तऱ्हेचे, वहिनीचे गुळाचे नेहमीप्रमाणे पहिले संपले. दादा आला, पाटावर बसला, खाल्लं. मशीनचा विषय कोणी काढेना. सगळे एकमेकांना फोव वाढतायत.

शेवटी वहिनीनेच कोंडी फोडली. दूध उतू गेलं आणि ती सवयीने म्हणाली, "फेलर इलो."

हा आमच्या घरचा शब्द. जर्मनच्या पडद्यावर सगळं जर्मन भाषेत. भाषा बदलायची कशी ते कोणालाच ठाऊक नाही. काही चुकलं की वर तांबड्या अक्षरात शब्द यायचा, दादाने एका जर्मन पर्यटक बाईकडून उच्चार करून घेतला: फेलर. म्हणजे चूक. मग भात करपला, फेलर. पूर्वाचं गणित चुकलं, फेलर. शाळेत बाईंनाही ती तसंच सांगून आली होती, बोलावणं आलं मला.

आज वहिनीने बोलून जीभ चावली. दादा ताटात बघत राहिला.

पूर्वा हुशार आहे पण थांबायचं कधी ते तिला कळत नाही. तिने मोबाईल काढला. "मोठे बाबा, ह्या बघा. नवीन कंट्रोल. सगळा स्क्रीनवर, बोट लावायचं. मी पुण्यातसून पण बघू शकतंय काय चाललाय ता. आणि ह्यात सेलच नाय. लाईट गेली, मेन पाडला, काय पण करा, मेमरी जायत नाय."

दादाने नीट बघितलं. हात धुतला.

"बरा आसा. तसलाच घेवा. मगे कोनी हात लावूक नको."

आणि गेला. त्याच्या वाटीतले फोव तसेच.

पूर्वाला कळलं नाही काय झालं. मला कळलं, पण सांगता आलं नाही. दिवाळीचा सगळा दिवस असाच गेला.

२४ ऑक्टोबर

दुपारी कुडाळचा भंगारवाला टेम्पो घेऊन हजर. मी म्हटलं कोणाकडे आलास? म्हणे, मोठ्या मेस्त्रींनी फोन केला, मशीन बघून जा म्हणाले.

तसाच अंगण ओलांडून गेलो. दादा पडवीत सुपाऱ्या निवडत बसलेला.

"मीच बोलावलंय तेका. लोखंडाक भाव बरो आसा."

"जर्मन तुझ्या एकट्याचो काय?"

"मारलंय तर मीच मा तेका?"

मग मी बरंच बोललो. इथे लिहीत नाही. तोही बोलला. बाबांचं नाव निघालं, जे आम्ही दोघांनी कधी भांडणात काढायचं नाही ठरवलं होतं. वहिनी मध्ये येऊन उभी राहिली. "दोगव म्हातारे झालास, तरी भांडतास. तो टेम्पोवालो बिचारो उनात उभो आसा, तेका पानी तरी देवा."

भंगारवाला पाणी प्यायला, त्याने जर्मनभोवती एक फेरी मारली, पत्र्यावर हात ठेवला. म्हणाला, "साहेब, ही तोडायची वस्तू नाही." आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला. त्याला चहा पाजायला हवा होता.

२५ ऑक्टोबर

दादाशी बोललो नाही. तोही नाही. पूर्वा गेली पुण्याला. जाताना त्याच्या पाया पडली, त्याने डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

त्याची आठवण येते. अंगण ओलांडलं की त्याचं घर, पण वर्कशॉपात शेजारी तो नाही ही गोष्ट अंगावर येते. मी फोनवर गिऱ्हाइकांशी बोलत असायचो आणि मागे जर्मनचा आवाज, त्यात दादाचं गुणगुणणं. आता फोनवर लोक म्हणतात, आज आवाज बरा येतोय हां तुमचा.

५ नोव्हेंबर, बुधवार

जुनं पॅनेल काढून ठेवलं, नवं कोणतंही घ्या, हे जाणारच. पुसलं. पट्ट्या अजून चिकटून आहेत.

ह्या पट्ट्या दादाच्या. जर्मन बटणं, जर्मन अक्षरं, कळायची नाहीत. पहिल्या महिन्यात दोनदा टेबल भलतीकडे धावलं. मग दादाने कापडी चिकटपट्टी आणली, कात्रीने बारीक तुकडे कापले, बोर्ड रंगवायच्या काळ्या रंगाने लिहिलं आणि बटणांखाली लावलं. चल. मागे. धू, म्हणजे कटर थंड ठेवणारं कुलंटचं पाणी. खंय, म्हणजे कटर आत्ता कुठे आहे ते दाखव. सगळ्यात पहिली पट्टी लावली ती लाल बटणाखाली: रव, म्हणजे थांब. मी म्हटलं, आधी चालवायचं बघ. तो म्हणाला, थांबवूक येयत नाय तेणां चालव नये.

पुढे काही वर्षांनी पट्ट्या बघायची गरजच उरली नाही. दादाची पद्धत अशी: डोळे कटरवर, कान जॉबवर म्हणजे कापायच्या तुकड्यावर, डावा हात पॅनेलवर, उजवा हँडव्हीलवर. पॅनेलकडे तो कधी बघायचा नाही. मलाही शिकवताना माझी मान धरून पुढे फिरवायचा. "डोळो कटरार. पॅनल खंय पळाक नाय." काजू फोडायच्या मशीनची पाती त्याने ह्याच जर्मनवर बसवली. बी वाकडी, पातंही तसंच वाकडं हवं, नाहीतर गर तुटतो. त्याने एक बी मुठीत धरून आठवडाभर फिरवली. मग केलं. आज तालुक्यात अर्ध्या लोकांची बी त्या पात्यांवर फुटते. आणि सीझन आधी नवी पाती द्यायचीत. फेब्रुवारी काही थांबणार नाही.

पॅनेल पेपरात गुंडाळून कपाटावर ठेवलं. पट्ट्या काढल्या नाहीत.

११ नोव्हेंबर, मंगळवार. कोल्हापूर

एकटाच गेलो. दादाला विचारलं होतं, मंदाकडून. उत्तर आलं, गुडघे दुखतात. गुडघ्यांनी बटणं दाबायची होती काय?

गगनबावड्याला धुकं, बस हळू. पिशवीत बाटली, बाटलीत आपलं कुलंट. दुकानात तीन कंट्रोल मांडून ठेवले होते, मशीनशिवाय, टेबलावर. पहिलं तैवानचं, तेच पूर्वाचं, मोठा काचेचा पडदा. इंजिनिअर दाखवतो, बोट फिरवतो, सगळं सरकतं. छान दिसतं, नाही म्हणत नाही. मी बाटली उघडली, बोटं भिजवली, पडद्यावर लावली. काही नाही. परत लावली. तिसऱ्यांदा भलतंच उघडलं. इंजिनिअर म्हणाला, "काका, हात पुसून घ्यायचा." म्हटलं, आमच्याकडे दिवसभर हात असाच असतो. तो जरा हिरमुसला.

मग दुसरी दोन, दोन्ही बटणांची. म्हटलं, दोन मिनिटं. डोळे मिटले. डावा हात पॅनेलवर ठेवला.

दुकानातले सगळे थांबले असणार. मला फक्त बोटं कळत होती. लाल बटण कुठे, चालू करायचं कुठे, दोघांमध्ये अंतर किती, कडा किती वर. दादाचा हात कसा फिरेल ते मी बघत होतो. एकदा तर त्याचं गुणगुणणंही ऐकू आल्यासारखं वाटलं. डोळे उघडले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, मी म्हटलं कुलंट गेलं.

दोन्ही पास. एक जपानी, जुनं ओळखीचं, कुडाळातही दोघांकडे आहे, काही झालं तर हाच इंजिनिअर येतो. दुसरं युरोपचं, नवीन. फरक विचारला. बरेच सांगितले, त्यातला एक लक्षात राहिला. युरोपच्याला सेल नाही. जपानीला आहे, वर्षातून एकदा बदलायचा. मशीन चालू असताना.

"म्हणून मी युरोपचंच सुचवेन, काका. तुमच्याकडे जे झालं ते परत होणार नाही."

चहा घेतला. कळवतो म्हटलं.

१३ नोव्हेंबर

पूर्वाचा फोन. यादी करून ठेवलीय तिने, बाजूने काय, विरोधात काय. सेल नसलेलं घ्या बाबा. ह्यात विचार करण्यासारखं काय आहे?

मंदा म्हणते, कौल लाव. म्हटलं, दोन कंपन्यांत देवीला कशाला ओढतेस. ती म्हणाली, बाबांनी ओढली होती. म्हटलं, तेव्हा प्रश्न मशीनचा होता. आताचा प्रश्न दादाचा आहे, तो मलाच सोडवायला हवा.

बोलून गेलो आणि मलाच कळलं की हेच आहे.

सेल नसलेलं कंट्रोल बसवलं तर दर नवमीला मशीन पुजताना दादाला काय दिसेल? पूजेत जुना सेल नसेल. का नाही, ते सगळ्यांना ठाऊक असेल, कोणी बोलणार नाही. घरातला कोयता लपवून ठेवावा तसं, म्हाताऱ्याच्या हाती लागू नये म्हणून. तो फोव टाकून उठला तो ह्यामुळेच.

आणि सेल असलेलं घेतलं तर? परत चूक झाली तर? माझ्या हातूनही होऊ शकते, त्याच्याही. सीझनच्या तोंडावर झाली तर वर्कशॉप बसलं.

रात्री वहिनीने कुळथाची पिठी पाठवली होती, ती तेवढी प्यालो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कोल्हापूरला फोन केला. जपानी. सेलवालं.

पूर्वाला सांगितलं. तिने यादी परत वाचून दाखवली. मग, "बाबा, तुम्ही भावनेवर मशीन घेताय."

"आजोबा कौलावर घ्यायचे. मी भावनेवर घेतोय. तू यादीवर घे. सुधारणा होतेय घरात."

हसली नाही. म्हणाली, मोठे बाबा परत आलेच नाहीत तर? तेव्हा सेल कोण बदलणार?

  मग तीच म्हणाली, बरं, मोबाईलला आठवण लावून ठेवते, नवमीच्या आदल्या दिवसाची. पोर वाईट नाही. माझ्यासारखीच आहे, हट्टी.

दादाला अजून सांगितलेलं नाही.

१७ डिसेंबर

पेटी आली. पेटीवर जपानी अक्षरं. शेजारचा विचारतो, आता ह्याचं नाव काय ठेवणार, जपान? मी म्हटलं, अंग जर्मनच आहे.

जत्रा सुरू झाल्या. काल देवळात दादा दिसला, गर्दीत, दशावतार बघत बसलेला. मी शेजारी जाऊन बसलो. राजा आणि राक्षस लढत होते, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मी म्हटलं, "नवीन कंट्रोल इलो." त्याने मान हलवली, रंगमंचाकडे बघत. मग म्हणाला, "स्क्रीनवालो?"

"बटनवालो."

 राक्षस मेला तरी आम्ही तिथेच बसून होतो. पण एका बाकड्यावर. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा.

६ जानेवारी, मंगळवार

इंजिनिअर चार दिवस राहिला, बसवून गेला. वायरी, मोटारी, पॅनेल. आकडे सगळे नव्याने मोजून भरले. त्या आकड्यांची प्रत पूर्वाने पुण्यात ठेवलीय, वाळवीला बस नाही तिकडची.

आज मी एकट्याने पहिला जॉब लावला. काजूचं पातं.  चालू केलं. आवाज आला, जर्मनचाच, तोच जाड आवाज. मी तसाच उभा.

थोड्या वेळात वहिनी अंगणातून येताना दिसली, हात पदराला पुसत.

"'वायच हळू घे' म्हणान सांगल्यानी."

मी फीड कमी केलं. ती गेली. परत आली.

"'आता बरा आसा' म्हणतत. पन 'कटर बदल, बोथट झालो'."

कटर बघितला. खरंच झाला होता. पडवीत बसून, भिंतीपलीकडून, ऐकून.

तिसऱ्यांदा आली ती वैतागून. "मी काय तुमचो पोस्टमन? भाजी करपली माझी." आणि जाता जाता स्वतःच हसली, "फेलर इलो."

मी म्हटलं, "तेका सांग, हंयसर येवन सांग म्हणान."

निरोप पोचला असेल. दादा आला नाही. पातं मात्र बरं झालं. दादाचं जसं व्हायचं तसं नाही, पण बी फुटेल.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ द्यायला गेलो. दादाने घेतला, खाल्ला. गणूचा शाफ्ट पडवीत टेकवून ठेवलेला दिसला. म्हणजे गणू इकडे न येता तिकडे देऊन गेला. दादाने परत पाठवलेला नाही. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

१८ जानेवारी, रविवार

आज लिहायला हात शिवशिवतोय, सगळं आठवेल तसं लिहितो.

चार वाजता मी वर्कशॉपात, एकटा. पॅनेलला नाव नाही, गाव नाही, कोरी बटणं. कापडी पट्टीचं रिळ, कात्री आणि काळा रंग मी टेबलावर काढून ठेवलाय आठवडाभर. स्वतः लावायचं धाडस होत नाही. अक्षर माझं वाईट, आणि ते माझं काम पण नाही.

दारात सावली. दादा. खांद्यावर गणूचा शाफ्ट.

 शाफ्ट कोपऱ्यात उभा केला. चपला बाहेर काढून आला होता, आम्ही कधी काढत नाही वर्कशॉपात. जर्मनभोवती एक फेरी मारली, त्या भंगारवाल्यासारखी. स्लाईडवर तळहात ठेवला. मग पॅनेलसमोर उभा राहिला, मान पुढे कटरकडे, आणि डावा हात हळूच वर आणला. बोटं फिरली. लाल बटणावर थांबली. मग चालूच्या बटणावर. परत लाल. मी कोल्हापूरला जसा फिरवला होता अगदी तसाच हात, आणि मी तिथे कोणाचा हात फिरवत होतो ते मला आत्ता पुरतं कळलं.

दाबलं काही नाही. हात खाली घेतला.

"सेल खंय आसा हेचो?"

 मागचं झाकण उघडून दाखवलं. त्याने वाकून बघितलं. चष्मा पुसला, परत बघितलं.

"म्हणजे सेल आसा."

"आसा."

"पूर्वा सांगी होती, नसलेलो पन गावता."

"गावता."

तो माझ्याकडे बघत राहिला. इतक्या दिवसांनी, सरळ. मी नजर खाली घेतली नाही.

"कदी बदलूचो?"

"वर्षातसून एकदा."

मान हलवली. झाकण त्यानेच लावलं, स्क्रू त्यानेच आवळला. मग, मला नाही, जर्मनला सांगितल्यासारखं:

"नवमीच्या आदल्या दिसाक. मशीन चालू ठेवन."

"आणि लाईट नसली तर?"

दादाने स्क्रूड्रायव्हर जाग्यावर ठेवला.

"मगे त्या वर्साक पूजेत सेल नाय. देव काय खाता तेका?"

चपला घालून गेला. शाफ्ट कोपऱ्यात राहिला. उद्या येतो म्हणाला नाही, येत नाही असंही नाही. मी बराच वेळ स्टुलावर बसून होतो. मंदा दिवा लावायला आली तर म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही, दादा येऊन गेला.

दार ओढून घेताना टेबलाकडे बघितलं. पॅनेलवर अजून एकही पट्टी नाही. रंगाची डबी आहे, कात्री आहे. कापडी पट्टीचं रिळ तेवढं नाही.